पक्का कागद

आमच्या गावात कोर्ट येणार हे कळल्यावर सगळ्यांत जास्त आनंद मला झाला, हे आधीच कबूल करून टाकतो. ह्या सायमननं हे लपवलं असं नंतर कुणी म्हणायला नको. लपवलं ते वेगळंच, ते पुढे येईल.

गावाचं नाव मी सांगणार नाही. अश्केलोनहून बसनं तासभर आत, वाळू संपून पिवळी माती सुरू होते तिथे सरकारनं काँक्रीटच्या बैठ्या घरांच्या रांगा बांधल्या आणि आम्हांला ट्रकमधून आणून त्यांत उतरवलं. मी अजून तिथेच राहतो, तिथल्याच दुकानातून पाव आणतो, तेव्हा नाव राहू दे. काही रांगा मोरोक्कोवाल्यांच्या, काही रुमानियावाल्यांच्या आणि टोकाच्या तीन रांगा आमच्या, बेने इस्रायलांच्या. आम्ही पेण, रेवदंडा, झिराड, तळे अशा गावांचे. दोन पिढ्या मुंबईत काढून इथे इस्रायलात आलेले. घरात बोलणं मराठी, कागद सगळे हिब्रू, आणि कागदाशिवाय इथे काही हलत नाही.

मुंबईत मी चौदा वर्षं एका पोलीस कोर्टात कारकून होतो. समन्सं लिहायची, तारखा लावायच्या, आरोपी दारातच उभा असला तरी त्याचं नाव तीनदा पुकारायचं. माझ्या अक्षराची मॅजिस्ट्रेटसाहेब तारीफ करत. इथे आल्यावर सहा वर्षं मी सूतगिरणीत पेट्या उचलल्या. मला राग लवकर येतो. पेट्या उचलणाऱ्याला राग परवडत नाही, म्हणून तो मी संध्याकाळी घरी घेऊन यायचो आणि माझी बायको एव्हलिन तो मुकाट्यानं वाढून घ्यायची. हिब्रू मात्र मी हट्टानं शिकलो, आणि लिहायला लागलो तेव्हा ते अक्षरही छापल्यासारखं आलं. ह्या अक्षरानं पुढे जे केलं ते केलं.

१९६२ च्या शेवटी गावच्या कौन्सिलचा सेक्रेटरी मेईर ह्यानं मला बोलावलं. मेईर रुमानियाचा, टकला, शांत माणूस. दिवसभर सूर्यफुलाच्या बिया सोलून खायचा आणि टरफलांची एका कागदावर नीट रास करायचा. एक टरफल बाहेर पडलं तरी उचलून परत राशीत ठेवायचा. त्याला कुणी ओरडताना पाहिलं नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं असं आता वाटतं.

त्यानं मला सगळं समजावलं. कौन्सिलनं ठराव केला होता, तो यरुशलेमला गेला होता, दोन खात्यांनी मान डोलवली होती. मंत्र्याच्या सहीचा हुकूम गॅझेटात छापून आला की कोर्ट उभं राहिलं. न्यायाधीश सरकार पाठवणार, तेही फक्त मंगळवारी, बसनं. बाकी सगळं कौन्सिलचं: खोली, टेबल, शिक्का, कारकून, पुकारा करणारा शिपाई, दुभाष्या आणि समन्सं पोचवणारा. ह्या चौघांसाठी मंजुरी एका माणसाची होती. मेईरनं माझं अक्षर पाहिलं, मुंबईचा दाखला पाहिला आणि चारही जागा मला दिल्या. मी घरी जाऊन एव्हलिनला म्हटलं, की उद्यापासून गिरणी बंद. तिनं विचारलं, की पगार वाढला का. मी म्हटलं, मान वाढला.

खोली दवाखान्याच्या वर मिळाली. तिथे आधी तान्ह्या मुलांचं वजन करत. वजनाचा काटा खाली नेला, सुतारानं वीतभर उंचीचा चौथरा केला, त्यावर न्यायाधीशांचं टेबल, समोर माझं, आणि आरोपीनं उभं राहायला तीन बाजूंनी लाकडी कठडा. दवाखान्याची नर्स हाना वर डोकावली आणि म्हणाली, की हे तर बकऱ्यांना उभं करतात तसं दिसतंय. मला राग आला. मी तिला सांगितलं, की कोर्ट असंच असतं.

काम कसं चालायचं हे सगळं मी ठरवलं. मेईरला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. नोंदवही मी आखली. प्रत्येक हुकमाच्या तीन प्रती काढायच्या हा नियमही माझाच, मुंबईचा: एक कोर्टाच्या फाईलला, एक आरोपीला, एक कौन्सिलला. मेईरला तो नियम फारच आवडला. तो म्हणाला, की कागद एकाच जागी असला की हरवतो, तीन जागी असला की कधीच नाही.

हुकूम फेब्रुवारीत छापून आला. त्याच दिवशी मेईरनं मला परत बोलावलं आणि बिया सोलत म्हणाला, "शिमॉन, कोर्टाला खटले लागतात."

सायमनचं हिब्रू करून तो मला शिमॉनच म्हणायचा. त्यानं सांगितलं, की हे कोर्ट एक वर्षाच्या परीक्षेवर आहे. फायली पुरेशा झाल्या नाहीत तर न्यायाधीश दुसऱ्या गावाला जातील आणि मी परत गिरणीत. घराला लागून जे जे विनापरवाना बांधलेलं असेल, खोली, शेड, कुंपण, कोंबड्यांचं खुराडं, त्या सगळ्याची यादी हवी होती. मोरोक्कोवाल्यांच्या आणि रुमानियावाल्यांच्या रांगांत कौन्सिलचा माणूस फिरला होता. आमच्या रांगांत मात्र त्याला चहा मिळाला आणि उत्तर एकही मिळालं नाही, कारण भाषाच कळली नाही. तेव्हा तुझ्या लोकांना तू विचार, असं मेईर म्हणाला.

इथे कुणी म्हणेल, की सायमननं नोकरीसाठी आपल्या माणसांना विकलं. तसं नाही. जे झालं ते त्याहून वाईट. मला खरोखर वाटत होतं, की मी त्यांचं भलं करतोय.

का वाटत होतं ते सांगतो. मुंबईत माझी सख्खी मावशी अबिगेल उमरखाडीला चाळीत राहायची. तिनं गॅलरीच्या टोकाला फळ्या ठोकून मुलाच्या झोपायची सोय केली. म्युनिसिपालिटीचा इन्स्पेक्टर आला, खटला झाला. मी तेव्हा कोर्टात नवा होतो. मी मावशीला सांगितलं, की नाही म्हणू नकोस, हो म्हण, दंड भर आणि पावती घे. तिनं तसंच केलं आणि पावतीला काचेची चौकट करून गॅलरीत खिळ्याला टांगली. पुढचा इन्स्पेक्टर आला, त्यानं पावती वाचली आणि जिना उतरून गेला. ज्या फळ्यांचा दंड सरकारनं घेतला त्या फळ्या सरकारदरबारी ठाऊक झाल्या, आणि एकदा ठाऊक झालेलं तोडायला तिथे कुणाला फुरसत नव्हती. अकरा वर्षं त्या फळ्या तशाच राहिल्या. मग आमच्यातली निम्मी उमरखाडी माझ्याकडे येऊन हाच सल्ला घेऊ लागली. त्या पावतीला आमच्यात नाव पडलं होतं, पक्का कागद.

म्हणून मी वही घेऊन आमच्या तीन रांगांत फिरलो तेव्हा कुणी काही लपवलं नाही. उलट, आमचं राहिलं, आमचंही लिही, असं म्हणत मागून बोलावून घेतलं. मी म्हटलं होतं ना, की हो म्हणा, थोडा दंड होईल, कागद मिळेल, मग कुणी बोट लावणार नाही. लोकांनी माझ्यासमोर टेप धरून मापं दिली. एकानं खुराड्यातल्या कोंबड्या मोजून सांगितल्या.

अबिगेल मावशीकडे मी सगळ्यांत शेवटी गेलो. तिचं घर दीड खोलीचं, आणि त्यात मावशी, मावसा, मुलगा शमशोन, सून मलका आणि दोन लहान मुलं. शमशोन एलातच्या बंदरात कामाला, महिन्यातून दोनदा बारा तास बसमध्ये बसून घरी यायचा. मावशीचा नवरा इमॅन्युएल मुंबईत रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होता. त्यानं संत्र्यांच्या पेट्यांच्या फळ्या आणि पत्रे जमवून घरामागे एक खोली स्वतः उभी केली, दोन खिडक्यांची, दाराला पितळी कडी. खोली पुरी झाली आणि सहा महिन्यांत त्याची डावी बाजू गेली. त्यानंतर तो त्याच खोलीत खाटेवर पडून होता. बोलणं फक्त मावशीला कळायचं, आणि तो फक्त मराठीच बोलायचा.

त्या खोलीवर किती अवलंबून होतं हे मला चांगलं ठाऊक होतं. हानानं मावशीला माझ्याच तोंडून सांगितलं होतं, की अशा रोग्याला घरी ठेवायचं तर स्वतंत्र खोली हवी, घरात लहान मुलं आहेत. खोली नसेल तर उत्तरेकडच्या आश्रमात पाठवावं लागेल, तिथे खाट मिळते. मावशीनं विचारलं होतं, की तिथे मराठी कुणाला येतं का. हाना दर महिन्याला यायची, खोली बघायची आणि आपल्या कार्डावर लिहायची, की स्वतंत्र खोली आहे. त्या एका ओळीवर मावसा घरी होता.

मावशीनं मला बिरड्याची वाटी पुढे केली आणि खोलीत नेलं. मावसाच्या खाटेच्या वर, खिळ्याला, तीच उमरखाडीची चौकट टांगलेली होती. पावती पिवळी पडली होती. ज्या फळ्यांची ती पावती त्या फळ्या केव्हाच मुंबईत राहिल्या, पण मावशीनं चौकट साड्यांत गुंडाळून इथवर आणली होती.

"ही जुनी झाली," ती म्हणाली. "आता इथली दे. नीट लिही, दोन खिडक्या लिही."

मी दोन खिडक्या लिहिल्या. पितळी कडीसुद्धा लिहिली. मावसा खाटेवरून माझ्याकडे बघत काहीतरी बोलला. मावशी हसून म्हणाली, की ते म्हणतायत, पत्रा नवा आहे हेही लिही.

मेईरनं मला कायद्याची छापील प्रत दिली होती, नऊ पानांची. मी चार वाचली. चौदा वर्षं कोर्टात काढलेल्या माणसाला पाचवं पान कशाला हवं, असं मला वाटलं. आज ते पान मला पाठ आहे.

पहिल्या यादीत सतरा खटले होते, त्यांतले नऊ आमचे. मेईर एवढा खूश झाला की त्यानं मूठभर बिया माझ्या हातावर ठेवल्या. पण समन्सं, मुदती, न्यायाधीशांची आजारपणं ह्यांत उन्हाळा गेला. ऑगस्टच्या शेवटच्या मंगळवारी पहिली यादी लागली. त्या दिवशी शराव सुटला होता, वाळवंटातलं गरम वारं. खोलीत बारीक पिवळी धूळ बसत होती आणि मी सारखा माझ्या नोंदवहीवर फुंकर मारत होतो.

न्यायाधीश म्हातारे, सौम्य, चष्म्याची एक काडी सुतानं बांधलेली. चौथऱ्यावर चढताना त्यांनी माझा हात धरला. आधी मोरोक्कोवाल्यांची आणि रुमानियावाल्यांची नावं होती. मी पुकारत गेलो आणि एकेक माणूस कठड्यात येऊन नाही म्हणत गेला. भाजीवाला दाविद म्हणाला, की शेड आपली नाही, घर मिळालं तेव्हापासून आहे, आणि वकील आजारी आहे. त्याला तारीख मिळाली. एकानं सांगितलं, की भिंत भावाची आहे आणि भाऊ सैन्यात आहे. त्यालाही तारीख. आठांपैकी एकाचाही निकाल लागला नाही. मला मनातून त्यांची कीव आली. कागद मिळाला नाही बिचाऱ्यांना, असं मला वाटलं.

मग आमचे आले. सगळे धुतलेल्या कपड्यांत, मुंबईहून आणलेल्या काळ्या टोप्या घालून, रांगेनं. प्रत्येक जण कठड्यात शिरला आणि मी विचारायच्या आधीच मराठीत हो म्हणाला. मी त्या होचं हिब्रू केलं. कुंपणं आणि खुराडी होती त्यांना दंड झाला आणि ते माझ्याकडे बघून हसले. न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, की इतके सरळ लोक आपण तीस वर्षांत पाहिले नाहीत. मी ताठ बसलो. मेईर मागच्या बाकावर होता. त्यानं मान हलवली.

मावशी शेवटची. तिनं नऊवारी नेसली होती आणि पदर डोक्यावर घेतला होता. न्यायाधीशांनी विचारलं, की खोली तुम्ही बांधली का. ती म्हणाली, की आम्हीच बांधली, दोन खिडक्यांची आहे, पत्रा नवा आहे. परवाना होता का? नव्हता. आणखी काही सांगायचं आहे का? मी हा प्रश्न मराठीत केला. मावशीनं माझ्याकडे पाहून डोळ्यांनी विचारलं, की काय सांगू. मी मान हलवली, की काही नको.

ती एवढीशी मान मी हलवली नसती तर तिनं मावसाचं सगळं सांगितलं असतं. न्यायाधीशांनी ते ऐकलं असतं असं मला अजून वाटतं.

ते सांगू लागले आणि मी लिहू लागलो. आरोपीनं कोर्टाचा वेळ वाचवला, म्हणून दंड नाममात्र. मी लिहिलं. गुन्हा कबूल आहे, म्हणून बांधकाम पाडण्यात यावं. माझी लेखणी पुढे गेली होती, शब्द लिहून झाला होता, आणि मग तो शब्द मला कळला. न वाचलेल्या पाचव्या पानावर हेच होतं: कुंपण-खुराड्याला दंड, पण कबूल केलेली खोली पाडायची. न्यायाधीश दयाळूपणे म्हणाले, की सण तोंडावर आहेत, सुक्कोथ, तो मांडवांचा सण, होऊन जाऊ दे, त्यानंतरच्या पहिल्या रविवारी. मी तेही लिहिलं. तीन प्रतींत, सुंदर अक्षरात.

त्या दिवशी खोल्या तीन होत्या; आधीच्या दोघांचा निकालही न्यायाधीशांनी मावशीच्याबरोबरच दिला, आणि तिघांनाही मी मराठीत फक्त दंडाचा आकडा सांगितला. इतर दोन खोल्या सामानाच्या होत्या, पेट्या बाहेर काढल्या की झालं. मावशीच्या खोलीत माणूस होता.

कोर्ट उठल्यावर मावशी जिन्यावर माझी वाट बघत उभी होती. तिनं विचारलं, "झालं?"

मी म्हटलं, "झालं."

"कागद?"

"शिक्का मारून घरी आणतो."

तिनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि खाली गेली. तिच्यामागून दाविद भाजीवाला जिना उतरत होता. तो थांबून मला म्हणाला, "तुझ्या लोकांना हो म्हणायला कुणी शिकवलं?" माझ्या तोंडाकडे एकदा पाहून तो खाली गेला.

मी मेईरकडे गेलो. त्याला मावसाचं सांगितलं, आश्रमाचं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. अपील करता येतं, तो म्हणाला, मुदत पंधरा दिवस, पण जिनं स्वतः हो म्हटलं तिचं अपील कुठला वकील चालवणार. आणि मी तिच्यासाठी अर्ज लिहून देऊ का असं विचारल्यावर त्यानं बिया सोलणं थांबवलं.

"कोर्टाचा कारकून आरोपीचा अर्ज लिहितो का, शिमॉन? तुमच्या मुंबईत लिहितात?"

नाही लिहीत. हा नियमही त्याला मीच सांगितला होता. मी परत आलो. गिरणीतल्या पेट्या मला डोळ्यांसमोर दिसत होत्या आणि माझे खांदे आधीच दुखू लागले होते. इतकं खरं सांगितल्यावर हेही सांगतो, की मी भित्रा आहे. रागीट माणसं पुष्कळदा भित्री असतात.

मग मी स्वतःची समजूत घातली. हुकूम झाला म्हणजे घर पडलं असं थोडंच असतं? मुंबईत असे हुकूम दहा दहा वर्षं कपाटात झोपून राहतात, त्यांच्यावर उंदरांची पिल्लं मोठी होतात. मी मावशीची फाईल ढिगाच्या अगदी तळाशी सरकवली, तिच्यावर दाविदची, दाविदच्यावर बाकीच्या सात. कौन्सिलची प्रत मेईरकडे आहे, हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असलेल्या गोष्टीकडे बघायचं नाही असं ठरवलं की माणूस बरेच दिवस काढतो.

मावशीची प्रत पोचवायला मी आठवडा लावला. समन्सं पोचवणाराही मीच, त्यामुळे दुसरं कुणी जाणार नव्हतं. मी गेलो तेव्हा ती मावसाला भरवत होती. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि कागद दोन्ही हातांत घेतला. तिला मराठी वाचता यायचं, इंग्रजी आकडे यायचे, हिब्रूचं एक अक्षर येत नव्हतं. मलकालाही नाही, शमशोनलाही नाही. नातवंडं चार आणि दोन वर्षांची.

तिनं कागद उजेडात धरला. "हे तुझंच अक्षर ना?"

"माझंच."

"मग वाचायचं काय त्यात," ती म्हणाली आणि मावसाकडे वळून मोठ्यानं म्हणाली, "अहो, सायमननं स्वतः लिहिलंय."

मग तिनं मला सरळ विचारलं, की हा पक्का ना. त्या वेळी अपिलाचे आठ दिवस बाकी होते. मी मावसाकडे पाहिलं. त्याचा उजवा हात चादरीवरून उठला होता. मला सलाम करत होता की बोलावत होता, कळलं नाही.

"पक्का," मी म्हटलं.

तिनं माझ्यासमोरच खिळ्यावरून चौकट काढली, मागच्या लोखंडी चुका उचकटल्या, उमरखाडीची पावती बाहेर काढून पेटीत ठेवली आणि तिच्या जागी माझा कागद बसवला. काच फुंकर मारून पुसली. आधी चौकट आतल्या बाजूला होती, आता तिनं ती दाराबाहेर लावली, रस्त्यावरून दिसेल अशी. ते आठ दिवस मी त्या रांगेत गेलो नाही. नवव्या दिवशी मला हलकं वाटलं. आता काही करता येणार नाही ह्याचंही एक समाधान असतं, आणि ते फार वाईट असतं.

नव्याचा सण, म्हणजे आमचं नवं वर्ष, झाला. मावशीनं एव्हलिनच्या हाती माझ्यासाठी सफरचंद आणि मध पाठवला. एव्हलिन म्हणाली, की मावशी विचारत होती, तू येत का नाहीस. मग सुक्कोथ आला आणि साऱ्या गावात घरोघरी मांडव उभे राहिले, फळ्यांचे, चादरींचे, खजुराच्या झावळ्यांचे. परवाना कुणाकडेच नव्हता. मी रस्त्यानं जाताना मेईर त्याच्या मांडवात बसून जेवत होता. त्यानं मला आत बोलावून बसवलं, द्राक्षं दिली. मी हसत हसत म्हटलं, की आता ह्या सगळ्यांवर खटले भरायचे का. तोही हसला. म्हणाला, की हे तर सण संपला की आपोआप उतरतात. मग द्राक्षाची बी कागदावर ठेवून म्हणाला, "रविवारी सातला ये. वही आण. हुकूम अमलात आला अशी नोंद तुला करावी लागेल."

मी फाईल ढिगाच्या तळाशी ठेवली होती. मेईरची प्रत पहिल्यापासून त्याच्या टेबलावर, काचेखाली होती.

शनिवारी, शब्बाथला, मी मावशीकडे जायला निघालो होतो. दोनदा. दुसऱ्यांदा तिच्या रांगेच्या तोंडापर्यंत गेलो. ती मावसाची चादर दोरीवर वाळत घालत होती आणि मलकाशी हसत बोलत होती. मी वळलो. उद्या सकाळी लवकर सांगू, असं ठरवलं.

रविवारी मी साडेसहाला पोचलो, पण ट्रॅक्टर माझ्या आधी पोचला होता. बरोबर कौन्सिलचे दोन मजूर, मोरोक्कोवाले. शेजारची माणसं दारांत येऊन उभी होती. माझ्या हातात वही होती. हाना नर्सही आली होती, तिच्याकडे तिचं कार्ड, आणि रस्त्याच्या कडेला दवाखान्याची गाडी उभी होती. मेईरनं सगळी व्यवस्था केली होती. तो स्वतः आला नव्हता.

मावशी दारात होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. थोडा त्रास होता, भलत्या वेळी पाहुणे आल्यावर होतो तेवढाच. तिनं ट्रॅक्टरवाल्याला हातानं थांब म्हटलं, दाराजवळची चौकट खिळ्यावरून काढली, पदरानं पुसली आणि त्याच्यासमोर धरली. ट्रॅक्टरवाला बघत राहिला. मग तिला मी दिसलो आणि तिचं तोंड उजळलं.

"आला बघा," ती शेजाऱ्यांना म्हणाली. "सायमन, ह्यांना वाचून दाखव रे."

मी चौकट घेतली आणि वाचली. पहिल्या ओळीपासून, तारखेसकट. ट्रॅक्टरवाल्यानं सिगारेट तोंडातून काढली. वाचून झाल्यावर तो गोंधळून म्हणाला, की हो, ह्याच्यासाठीच तर आम्ही आलोय.

"काय म्हणतो?" मावशीनं विचारलं. आणि मग, माझ्या तोंडाकडे बघून, हळू आवाजात, "आता मला सांग. मराठीत."

त्या कोर्टात मी दुभाष्या होतो, पण पुरतं भाषांतर मी त्या सकाळी पहिल्यांदा केलं. एक शब्द गाळला नाही. पाडण्यात यावं, हेही सांगितलं. आतून मावसाचा आवाज आला. काय म्हणाला ते मला कळलं नाही आणि मावशीनं ह्या वेळी सांगितलं नाही.

"तुला कधी कळलं?" तिनं विचारलं.

"लिहितानाच."

मी तिचे पाय धरायला वाकलो तर ती मागे सरली. मी चौकट तिच्यापुढे धरली. तिनं हात पुढे केला नाही.

"ठेव," ती म्हणाली. "अक्षर तुझं आहे."

मग चौकट काखेत मारून मी आत गेलो, आणि ट्रॅक्टरवाल्यानं नि मी मिळून मावसाची खाट बाहेर काढली.